हिबिनोचा डोळा लागला तेव्हा

हिरोशिमाहून सकाळी निघालेली व्हॅन दुपारी तीनच्या सुमाराला महामार्गावरच्या एका थांब्यावर वळली. नागोया अजून दीड तासावर होतं. बारा दिवसांत दहा शहरांत कार्यक्रम झाले होते आणि तिघांपैकी कुणालाच धड भूक नव्हती. पण गाडी हिबिनो चालवत होती, आणि पोटात काही गरम गेल्याशिवाय आता हातात स्टिअरिंग धरवणार नाही असं ती म्हणाली, म्हणून सगळे उतरले.

तीन वाडगे उदोन समोर आले. वाफेने काचा धुरकटल्या म्हणून कुरामोचीने चष्मा काढून ठेवला आणि डाव्या हाताची पेरं एकेक करून दाबत बसला. बास गिटारवाला ओगिसो फोनमध्ये डोकं घालून होता. हिबिनोने शेवया संपवल्या, दोन्ही हातांनी वाडगा उचलून रस्सा प्यायली आणि तोंड पुसत म्हणाली,

"कुरामोचीसान, एप्रिलपासून मी बस चालवणार आहे."

"बस कशाला?" कुरामोची म्हणाला. "व्हॅनमध्ये मावतंय की सगळं. तिघंच तर आहोत."

ओगिसोला हसू फुटलं. हिबिनो हसली नाही.

"आपली नाही. गावची बस. आईच्या गावची, नागुराची. सकाळी पोरं शाळेत सोडायची, मग म्हाताऱ्या माणसांना दवाखान्यात. नोकरी लागलीये मला."

कुरामोचीने चष्मा चढवून तिच्याकडे पाहिलं. "आणि ड्रम?"

"ड्रम बंद."

"कधी ठरलं हे?"

"तुम्हाला नवीन वर्षाच्या पत्रात लिहिलं होतं मी."

कुरामोचीला पत्र आठवेना. दरवर्षी शंभरएक पत्रं यायची, रबर लावून कपाटावर जायची.  ओगिसोने फोन खिशात घातला आणि तिघांसाठी पाणी आणायला उठला, खरं म्हणजे पाणी टेबलावरच होतं.

तेत्सुरो कुरामोची तेव्हा त्रेसष्ट वर्षांचा होता. बाप नागोयात देव्हारे करायचा, पूर्वजांच्या नावाच्या पाट्या ठेवायचे काळ्या लाखेचे, आतून सोन्याचा वर्ख लावलेले. आणि एकुलता एक मुलगा वर्ख लावायला शिकेल म्हणून वाट बघत राहिला. मुलाने एकोणिसाव्या वर्षी जुनी गिटार आणली आणि कारखान्याच्या वरच्या खोलीत ती अशी काही वाजवायला लागला, की खाली वाळत ठेवलेल्या फळ्यांवर धूळ पडायची. त्याला गाणी नको होती. एक सूर धरायचा, तो विजेच्या यंत्रांतून ओढायचा, ताणायचा, चिरडायचा, त्यावर दुसरा चढवायचा, आणि समोरच्या माणसाला आपण कुठे बसलोय याचा विसर पडेपर्यंत थांबायचं नाही, असा त्याचा खाक्या. बाप एकदाच ऐकायला आला, कानात कापूस घालून, आणि शेवटपर्यंत ताठ बसून राहिला. त्यानंतर वर्ख लावायचं नाव घरात निघालं नाही.

बँडचं नाव काराइदो, म्हणजे कोरडी विहीर. चव्वेचाळीस वर्षांत या विहिरीतून एकशे एकाहत्तर रेकॉर्ड निघाल्या. काही कुणाकुणाबरोबर, काही एकट्याच्या, काही नुसत्या कॅसेट, आणि एक तर अशी की तिच्या पन्नासच प्रती होत्या आणि त्यातली एकही कुरामोचीकडे नव्हती. युरोपात लोक त्याच्याकडे सही घ्यायला यायचे आणि ज्यावर सही घ्यायची ती रेकॉर्ड बघून हाच चकित व्हायचा, ही आपण कधी केली म्हणून. नागोयात मात्र चाळीस माणसं आली तर बरी गर्दी समजायची. वर्षातले दीडशे दिवस तो रस्त्यावर असायचा. बायको होती, ती केव्हाच वेगळी झाली, भांडण न करता. अकरा बासवाले येऊन गेले. सानाए हिबिनो तेवढी चौतीस वर्षं मागे बसून ड्रम वाजवत होती, आणि कार्यक्रम संपला की सामान भरून व्हॅनही तीच चालवायची, कारण कुरामोचीच्या गाडी चालवण्यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता.

व्हॅन पुन्हा महामार्गाला लागली. मग कुरामोची म्हणाला, "पण झालं काय? हात दुखतात का?"

"हात ठीक आहेत. हातांचंच तर झालं." हिबिनो समोर बघत होती. "फुकुओकाला मी झोपले होते."

"कुठे झोपलीस?"

"स्टेजवर. त्या लांबड्या पीसमध्ये. सुरुवात केलेली आठवते. मग एकदम आईच्या स्वयंपाकघरात होते. ती मुळ्याचं लोणचं कापत होती, मी म्हणत होते, एवढ्या जाड चकत्या करू नकोस, तुला दात आहेत का. डोळे उघडले तर समोर दिवे, माणसं, तुमची पाठ, आणि माझे हात चाललेत."

मागच्या सीटवरून ओगिसो म्हणाला, "मला तर काहीच कळलं नाही."

"कुणालाच नाही कळलं. कळलं असतं तर कुरामोचीसाननी वळून बघितलं असतं ना."

"चाळीस मिनिटांचा पीस आहे," कुरामोची म्हणाला. "डुलकी कुणालाही लागू शकते. दहावा कार्यक्रम होता."

"नववा."

"नववा तर नववा."

"घाबरले मी," हिबिनो म्हणाली. "चुकले असते तर एवढी घाबरले नसते. हात माझ्यावाचून वाजवू शकतात, तर मग मला कशाला गावोगाव फिरवायचं? त्यांनाच न्या."

बोलताना तिचा आवाज चढला नाही. तिने आरसा बघितला, पुढच्या ट्रकला ओलांडलं आणि परत आपल्या रांगेत आली.  कुरामोचीला राग आला होता, पण बारा दिवसांनंतर राग काढायचं अंगात त्राण नव्हतं. नागोया येईपर्यंत तो खिडकीला डोकं टेकून बसला.

घरी गेल्यावर त्याने कपाटावरचा गठ्ठा काढला. पत्र सापडलं. छापील चित्राखाली हिबिनोच्या बारीक अक्षरात तीन ओळी होत्या: गेल्या वर्षभरात सकाळी सकाळी जाऊन मोठ्या गाडीचं प्रवासी लायसन्स काढलं. आईला आता एकटं राहवत नाही. भेटलो की बोलू.

जानेवारीपासून ते किमान चाळीस वेळा भेटले होते.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बेल्जियमहून ल्यूकची मेल आली. ल्यूक गेंटला एकट्याच्या जिवावर छोटी रेकॉर्ड कंपनी चालवायचा आणि कुरामोचीच्या तीसेक रेकॉर्ड त्याने काढल्या होत्या. फुकुओकाचं ध्वनिमुद्रण जबरदस्त आहे असं कळलं, तेच एकशे बहात्तरावी म्हणून काढू, असं त्याचं म्हणणं. कुरामोची प्रत्येक कार्यक्रम टेप करायचा. सहसा तो सुरुवात ऐकायचा, शेवट ऐकायचा, आवाज बरा आलाय ना बघायचा, आणि पाठवून द्यायचा. एरवी हेही तसंच गेलं असतं. या खेपेला त्याला हिबिनो नक्की कुठे झोपली ते शोधायचं होतं.

बापाच्या जुन्या कारखान्याच्या खालच्या खोलीत, जिथे अजून लाखेचा वास होता, तो सकाळी चहा घेऊन बसला. चाळीस मिनिटं ड्रमवर कान ठेवून ऐकलं. कुठे सैल पडल्यासारखं वाटलं की मागे जाऊन परत ऐकलं. नाही. हिबिनो पहिल्या मिनिटाला जशी होती तशीच तिसाव्या मिनिटाला होती. दुसऱ्या दिवशी परत ऐकलं. तिसऱ्या दिवशीही. एवढ्या वेळा त्याने स्वतःचं काही ऐकलं नव्हतं, निदान गेल्या वीस वर्षांत तरी. आणि ड्रम शोधता शोधता त्याला गिटार ऐकू यायला लागली. अकराव्या मिनिटाला ती चढत जात होती, तशी ती ओसाकालाही चढली होती, गेल्या शरदात गेंटलाही, आणि कितीतरी वर्षांपूर्वी साप्पोरोला. मग वरच्या टोकाला थरथर, मग खाली उडी, मग दोन मिनिटं नुसता घरघराट. सोळाव्या मिनिटाला पुन्हा तेच. सव्विसाव्या मिनिटाला काय येणार हे त्याने आधीच तोंडाने म्हणून बघितलं, आणि तेच आलं. हे वाजवताना आपल्या मनात काय चाललं होतं, ते त्याने आठवून बघितलं. त्याला एवढंच आठवलं की उद्या हिरोशिमाला व्हॅन कुठे लावायची याचा तो विचार करत होता.

त्याने हिबिनोला फोन लावला.

"कितव्या मिनिटाला झोपली होतीस तू?"

"कुरामोचीसान, मी झोपले होते. घड्याळ कशी बघणार?"

"साधारण."

"आणि मला आता बोलता यायचं नाही. माझं प्रशिक्षण चालू आहे. शेजारी साहेब बसलेत." तिने फोन ठेवला.

ल्यूकच्या आणखी दोन मेल येऊन गेल्या. मेच्या मध्यावर कुरामोची एके सकाळी आगगाडीत बसला, दोन ठिकाणी बदलली, आणि साडेआठला डोंगरातल्या, नागुराजवळच्या एका एवढ्याशा स्टेशनवर उतरला. बाहेर वीस-बावीस माणसांची पांढरी बस उभी होती. हिबिनो निळ्या टोपीत, पांढऱ्या हातमोज्यांत, स्टिअरिंगवर बसलेली. तिने त्याला चढताना पाहिलं. मान किंचित लववली, जशी प्रत्येकालाच लववत होती, आणि माईकवरून म्हणाली, "बस सुटते आहे. कृपया बसून घ्या."

कुरामोची पुढून दुसऱ्या बाकावर बसला. शेजारी एक म्हातारी, पायांशी पातीच्या कांद्यांची जुडी आणि औषधांची पिशवी. दोन वळणं झाल्यावर तिने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. केस खांद्यापर्यंत, पांढरे. अंगात कुठल्याशा परदेशी बँडचा विटलेला शर्ट.

"गावात कुणाकडे?"

"यांच्याकडेच आलो होतो. बसवाल्या बाईंकडे."

"मालक का तिचे?"

"नाही नाही. आम्ही एकत्र काम करायचो."

"कसलं हो?"

"वाजवायचो. ती ड्रम, मी गिटार."

"अस्सं. लग्नाबिग्नात?"

"नाही. असंच. सगळीकडे. जर्मनी, फ्रान्स, बेल्जियम."

म्हातारीने जरा विचार केला. "एवढ्या लांब? तिकडे वाजवणारं कुणी नाही का?"

मागच्या बाकावरचे एक आजोबा मोठ्याने हसले. "इवाबाई, बस चालवणारं आपल्याकडे तरी कुठे कोण होतं? तिला आणली ना नागोयाहून."

"ते खरं," इवाबाई म्हणाल्या. "पण हिचं बरं आहे. आधीचा होता तो ब्रेक असा मारायचा की कांदे थेट त्याच्यापर्यंत जायचे."

कुरामोची हिबिनोकडे बघत होता. चौतीस वर्षं ती त्याच्या मागे बसली होती. तिची पाठ अशी निवांत बघायची वेळ कधी आली नव्हती. व्हॅनमध्येही तो बहुतेक झोपलेला असायचा. तिचे खांदे खाली होते. वळणाआधी ती दोनदा आरसा बघायची. कुणी उठलं तर ते पुन्हा टेकेपर्यंत गाडी जागची हलत नव्हती. एका थांब्यावर कुणीच नव्हतं, तरी तिने बस थांबवली, दार उघडलं, दहा-पंधरा सेकंद वाट बघितली; खालच्या पायवाटेने काठी टेकत एक बाई वर आली.

"आज उशीर झाला, फुकिको आजी."

"गुडघा गं."

"सावकाश या. धरते मी."

ती उतरून खाली गेली आणि हात देऊन तिला वर घेऊन आली.

नऊ वाजून चाळीस मिनिटांनी बस गरम पाण्याच्या झऱ्यापाशी, शेवटच्या थांब्यावर पोचली. सगळे उतरले. हिबिनोने बस धुंडाळून विसरलेलं काही आहे का बघितलं, हातमोजे काढले, आणि थांब्यावरच्या बाकावर त्याच्याशेजारी येऊन डबा उघडला.

"दहा वीसला सुटते," ती म्हणाली. "खाणार? आईने जास्तच दिलंय."

भाताचे दोन मुटके, अंडं, आणि मुळ्याच्या लोणच्याच्या जाड जाड चकत्या. कुरामोचीने एक मुटका घेतला.

"बरी दिसतेस."

"रात्री नऊला झोपते. तुम्ही नाही बरे दिसत."

"रेकॉर्डिंगपुरती तरी येशील का?" त्याने विचारलं. "दौरे नको. वर्षातून दोनदा. तारखा तू सांग."

"नाही."

"तुझ्याशिवाय काय करणार मी?"

"अकरा बासवाले गेले तेव्हा हे कुणाला विचारलंत?"

 खाली नदीच्या काठावर कुणीतरी गवत कापायचं यंत्र सुरू केलं, ते बंद पडलं, पुन्हा सुरू झालं. हिबिनोने चहा ओतून पेला त्याच्यापुढे केला.

"तुला ते कसं वाटायचं?" तो म्हणाला. "आपण वाजवायचो ते. मी कधी विचारलं नाही."

"नाही विचारलंत."

"आता विचारतोय."

तिने अंड्याचा तुकडा खाल्ला, चांगला चावून. "पीस लांब असतात," ती म्हणाली.

"आणखी?"

"आणि फार असतात."

कुरामोची हसला. हसता हसता त्याला ठसका लागला आणि तिने त्याच्या पाठीवर दोन थापा मारल्या, मोजून, एका लयीत.

"काही कार्यक्रम चांगले पण होते," ती म्हणाली. "ओसाकाला वीज गेली होती, आठवतं? तुमची यंत्रं सगळी मेली. तुम्ही गिटारवर नुसत्या बोटांनी टकटक करत होतात. अंधारात माझ्या बाजूला वळलात, मी आहे का बघायला. त्या दिवशी मी वीस वेळा चुकले असेन. तो आवडला होता."

"तो टेप नाही झाला. वीज नव्हती."

"माहितीये."

मग त्याने ल्यूकचं सांगितलं. फुकुओकाची रेकॉर्ड काढायची आहे म्हणतो. हिबिनोने डब्याचं झाकण लावलं आणि फडक्यात बांधून गाठ मारली.

"तुमचं तुम्ही बघा. तुम्ही कधी मला विचारून काढली नाही, आता शेवटची तेवढी माझ्या गळ्यात मारू नका."

"मी तीन दिवस ऐकली. तू झोपलीस ते कळतच नाही. माझंच कळतं."

हिबिनोने त्याच्याकडे नीट बघितलं, बहुधा त्या दिवसात पहिल्यांदा. काहीतरी बोलेल असं वाटलं. पण दोन बायका आंघोळ करून, लाल चेहऱ्यांनी, टॉवेल खांद्यावर टाकून बसकडे यायला लागल्या होत्या. तिने टोपी घातली.

"पुढे नका बसू परतताना," ती म्हणाली. "मान अवघडते माझी, कुणी मागून बघत बसलं की."

तो सगळ्यात मागे बसला, आणि पहिल्या दोन थांब्यांतच त्याला गाढ झोप लागली. स्टेशन आलं, गेलं. बसने दुपारची फेरीही केली. कुणी उठवलं नाही. इवाबाई दवाखान्यातून परतताना त्याच्या अंगावर आपला पातळ कोट टाकून उतरल्या, तो पुढे हिबिनोला त्यांच्या घरी पोचवावा लागला.

फुकुओकाची रेकॉर्ड त्याने काढली नाही. ल्यूकने विचारलं, तब्येत बरी नाही का, डॉक्टरला दाखवलं का. कुरामोचीने कळवलं की तब्येतीला काही झालेलं नाही, पण यंदा काही पाठवणार नाही. ल्यूकचा बराच वेळ विश्वास बसला नाही. गेल्या एकतीस वर्षांत असं वर्ष आलं नव्हतं. शरदातला युरोपचा दौरा मात्र आधी कबूल केलेला होता, एकोणीस कार्यक्रमांचा. तो टाळता आला नाही. बेल्जियममधल्या लिएजचा एक ड्रमवाला घेतला, बत्तीस वर्षांचा, हाताला चांगला, वेळेला पक्का. पहिल्याच कार्यक्रमात कुरामोचीने मध्येच वळून त्याच्याकडे पाहिलं, तर तो बिचारा दचकला आणि नंतर खोलीत येऊन माफी मागायला लागला, माझं कुठे चुकलं म्हणून. चुकलं नाही, हे त्याला मोडक्यातोडक्या भाषेत पटवता पटवता कुरामोचीच्या नाकी नऊ आले. एकोणीसच्या एकोणीस कार्यक्रम पार पडले. लोक आले, उभे राहून ऐकलं, सह्या घेतल्या. पाच-सहा ठिकाणी त्याने तो लांबडा पीस मध्येच सोडला, कारण पुढे काय येणार ते त्याला आधीच ऐकू येत होतं. दोन-तीन जणांनी कुरकुर केली.

डिसेंबरात ओगिसो म्हणाला, गुरुवारी दुपारी मला दुकानातून दोन तास सुटता येतं. तो दिवसा गाद्यांच्या दुकानात कामाला होता. कुरामोची म्हणाला, ये.

दोघं खालच्या खोलीत समोरासमोर बसले. ड्रमची जागा रिकामी होती, तिथे ओगिसोने आपलं जाकीट ठेवलं. कुरामोचीने एक सूर लावला, सोडला. ओगिसो वाट बघत राहिला. बऱ्याच वेळाने दुसरा आला. मध्येच कुरामोची थांबायचा, गिटारीच्या दांडीकडे बघत बसायचा, जणू पुढची जागा कुठे आहे ते विसरलाय. एकदा तर तो इतका वेळ थांबला की ओगिसोला वाटलं, आता संपलं. मग त्याने असं काहीतरी वाजवलं की ओगिसोचं बोट चुकीच्या तारेवर पडलं, आणि दोघांनी तेच धरून थोडा वेळ पुढे नेलं. वीस मिनिटं झाली असतील.

"चहा टाकू?" ओगिसो म्हणाला.

"टाक."

चहा झाला. नवीन वर्षासाठी दुकानात गाद्यांची केवढी मागणी आहे, मालक कसा पिच्छा पुरवतो, हे ओगिसो सांगत बसला. चारला त्याला एका घरी माल पोचवायचा होता. त्याने बास पेटीत घातला, जाकीट उचललं.

"पुढच्या गुरुवारी?"

"बघू. ये तू," कुरामोची म्हणाला.

तो गेल्यावर कुरामोचीने दोन्ही पेले विसळून पालथे घातले. वर आपल्या खोलीत जायला जिन्याच्या चौदा पायऱ्या होत्या. त्याने एकदा वर बघितलं, मग तिथेच, शेगडीशेजारी, उशाला हात घेऊन आडवा झाला.